आतली कडी

९ मार्च

दादा,

तू फोन आपटलास, म्हणून हे पत्र. पत्र आपटलं तर आवाज होत नाही, आणि न वाचता फाडलंस तरी मला कळायचं नाही. दोघांच्याही सोयीचं.

मुलगी आली. परवा दत्तक-कार्यालयातल्या बाई तिला घेऊन आल्या, चहासुद्धा न घेता गेल्या. आधी सहा महिने मी तिला सांभाळायचं, बाई अधूनमधून येऊन बघणार, आणि त्यांना पटलं तर ती कायमची माझी. नाही पटलं तर जशी आणली तशी घेऊन जाणार. हे सांगताना बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

आठ वर्षांची आहे. दिसते सहाची, बघते चाळिशीच्या बाईसारखी. चालते भिंतीच्या कडेकडेनं, खोलीच्या मधून कधीच नाही, म्हणून मी तिचं नाव मुंगी ठेवलंय. बाईंनी तिला सांगितलं होतं, हिला मावशी म्हण. म्हणत नाही. शेजारच्या शिंपीणबाईंनी ‘तू कोण गं?’ म्हणून विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, ‘ही चावीवाली. मी थोडे दिवसच आहे.’ दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच उत्तर. मी थोडे दिवसच आहे. जणू तिकीट काढून बसलीय.

तू फोनवर काय म्हणालास ते आठवतंय ना? ‘वर्षाच्या आत परत द्यायला जाशील, मग कळेल.’ दादा, तुम्ही दोघांनी तुमच्या त्या दत्तक मुलाला परत दिलंत तेव्हा मी एका शब्दानं का म्हणून विचारलं नव्हतं. वहिनीलाही नाही. मला वाटलं होतं त्याची थोडी परतफेड तू करशील. जाऊ दे. बावन्न वर्षांची बाई, नवरा नाही, दिवसभर हात तेलकट, असं तू म्हणालास त्यातलं काहीच खोटं नाही. पण कार्यालयाला चाललं, मला चाललं, तुझंच अडलं.

दुकान खाली, घर वर, तू गेलास तेव्हा होतं तसंच. एक मात्र बदललंय. आधीच्या घरी मुंगीला कोंडून ठेवायचे. बाहेरून कडी घालून मोठी माणसं दिवसभर निघून जायची. बाई म्हणाल्या, ‘कड्याकुलपांचं तेवढं बघा.’ आता मला कड्याकुलपांचं सांगायचं म्हणजे सुताराला रंधा दाखवायचा! ती यायच्या आदल्या दिवशी पाना-पेचकस घेऊन बसले आणि घरातली एकूण एक कडी, बोल्ट, खिट्टी, कुलूप उतरवलं. बाबांनी स्वतः बसवलेली पितळी कुलपंसुद्धा. बाथरूमची कडीही ठेवली नाही. मी आता आंघोळ करताना मोठ्यानं गाते, म्हणजे कुणी येऊ नये. शिंपीणबाई म्हणतात, ‘गाणं ऐकून तर गल्लीतही कुणी येणार नाही.’

कुलूपवालीच्या घरात एकही दार बंद होत नाही. नुसती लोटलेली राहतात. दारांना कुलपांच्या जागी भोकं दिसतात तेवढी, पण ती मी पुढे भरीन. बाबांनी बघितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. मला मात्र फार बरं वाटलं. वाटलं, हे एक तरी मी बरोबर केलं.

वहिनीला विचारलंय म्हणून सांग.

तुझी,
ताई नव्हे, धाकटीच

२८ मार्च

दादा,

उत्तर नाही. असो. घरी सगळं छान आहे.

मुंगी शाळेत जायला लागली. अंडं खाते, दूध नको म्हणते, पाव खाते आणि अर्धा उशीच्या खोळीत ठेवते. ठेवू दे. बूट बाहेर ठेवत नाही, मांडीवर घेऊन झोपते. शाळेच्या बाई म्हणाल्या हुशार आहे, बोलत मात्र नाही. मी म्हटलं, आमच्या घराण्यातच आहे. माझा भाऊ बघा.

झोपेचं जरा विचित्र आहे, म्हणजे काळजीचं काही नाही. गादीवर झोपत नाही. दाराला पाठ लावून बसते आणि तशीच पेंगते. सकाळी मी दार लोटलं की तिला ढकलल्यासारखं होतं आणि ती ताडकन उठून उभी राहते. मी म्हटलं, ‘अगं, दार उघडंच आहे, कुणी कोंडलेलं नाही.’ कुलपाच्या भोकांत मोज्यांचे बोळे कोंबून ठेवते. मी काढते, ती कोंबते, मी काढते. सांगितलंसुद्धा, ‘बघ, आरपार दिसतं की नाही? काही लपलेलं नाही या घरात.’

दुकानात मात्र रमते. शाळा सुटली की माझ्या बाकाशेजारी उलट्या डब्यावर बसते. सध्या घड्याळजींची तिजोरी आलीय. आठवते तुला, त्यांच्या दुकानात मागे उभी असायची, माणसाच्या उंचीची? किल्ली आतच तुटली. चौघांनी उचलून आणली, मी तुकडा काढला, आतले कप्पे काढून ठेवले, आणि दाराच्या आतल्या अंगानं कुलपाचं झाकणही काढलं, म्हणजे लिव्हर दिसतात. सात पितळी पानं, एका खिळ्यावर एकावर एक बसलेली. पानं क्रमानं काढली की कुलपाची जीभ बोटानं मागे सरते. मुंगीला एकदा करून दाखवलं. मग ती स्वतः करायला लागली, काढायची, ओळीनं मांडायची, परत चढवायची. बाबा तुझ्याकडून करून घ्यायचे तसंच, फक्त टपल्या नाहीत. पहिल्यांदा जीभ सरकली तेव्हा म्हणाली, ‘अजून एकदा.’ माझ्याकडे तिनं आपणहून काही मागितलं ते एवढंच.

नवी किल्ली कानशीनं घासतेय. घाई नाही, घड्याळजींनाच कधी कशाची घाई नसते.

पत्र इथेच संपवणार होते. पण शिंपीणबाई मुंगीला घेऊन बाहेर गेल्यात, घरात मी एकटी आहे, तर लिहूनच टाकते. दादा, मला तिची भीती वाटते. आठ वर्षांच्या पोरीची! मी स्वयंपाकाच्या ओट्याशी असते, मागे वळते, तर ती भिंतीला लागून उभी असते, कधी आली ते कळतसुद्धा नाही. ती माझ्यावर पहारा करते. मी काय करणार आहे याची वाट बघते. आणि मी काय करणार आहे हे मलाच माहीत नसतं. हात उचलून फडताळातलं भांडं काढायलाही मी आता आधी सांगते, ‘मी भांडं काढतेय हं.’ तुम्हालाही असं व्हायचं का? एवढं तरी लिही.

धाकटी

१७ एप्रिल

दादा,

सगळं ठीक आहे. हाताला जरा लागलंय म्हणून अक्षर असं. कामात लागायचंच.

मुंगी बरी आहे. शिंपीणबाई बऱ्या आहेत. घड्याळजींची तिजोरी पूर्ण झाली, ते घेऊन गेले. लवकर न्या म्हणून मीच मागे लागले होते.

एक विचारायचं होतं. तुमच्या त्याला परत देण्याआधी तुम्ही कुणाशी बोलला होतात का? की थेट कार्यालयातच गेलात? सहज विचारतेय.

तू एकदा फोन उचल ना रे.

धाकटी

२२ एप्रिल

दादा,

मागचं पत्र फाड. त्यात सगळं ठीक आहे असं लिहिलंय.

हाताला लागलं त्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं. मोठ्या आवाजाचा, खांद्यानं दार ढकलून आत येणारा माणूस. आदल्या दिवशी करून दिलेली किल्ली लागत नाही म्हणून आला आणि फळीवर मूठ आपटून ओरडायला लागला. अशी माणसं आपण लहानपणापासून बघितलीत. माझ्या कपाळाला आठीही पडली नाही. मी शांतपणे किल्ली घेतली, यंत्रावर लावली, पुन्हा घासली. तो ओरडत होता, यंत्र ओरडत होतं. शेजारच्या डब्यावर मुंगी नाही हे मला तो गेल्यावर दिसलं.

वर गेले. खोलीत नाही. पलंगाखाली नाही. बाथरूमचं दार लोटलेलं, आत कुणी नाही. गल्लीत पळाले, शिंपीणबाईंकडे नाही, कोपऱ्यावर नाही. पहिला विचार काय आला सांगू? बाईंना काय सांगू, हा. पोर कुठे असेल हा दुसरा. हे मी आणखी कुणाला सांगणार नाही.

परत दुकानात आले आणि बघितलं तर तिजोरीचं दार बंद होतं.

दादा, तुला सांगायला नको. दार ढकललं की जीभ स्प्रिंगनं आपोआप बसते आणि किल्लीशिवाय निघत नाही. किल्ली अर्धवट घासलेली. पहार घातली फटीत, ती सटकली आणि हाताचं सालपट निघालं. भोक पाडावं तर पोलाद, आणि ड्रिलचं टोक पलीकडे नेमकं कुठे निघेल ते माहीत नाही. पलीकडे ती. शिंपीणबाई दारात येऊन उभ्या होत्या, त्यांना म्हटलं, ‘आग विझवणाऱ्यांना बोलवा, तिजोरी कापायला लागेल म्हणावं.’ त्या पळाल्या. मी तिजोरीसमोर फरशीवर बसले आणि किल्लीच्या भोकाला तोंड लावलं. कुलपाचं आतलं झाकण काढलेलं होतं म्हणून ते भोक आरपार होतं. हवा जायची ती तेवढीच.

‘मुंगी?’

काही नाही. मग कान लावला. श्वास ऐकू आला. एवढा चांगला आवाज मी जन्मात ऐकलेला नाही.

‘मुंगी, मी चावीवाली.’

‘तो गेला?’

‘गेला.’

‘खोटं.’

मी उठले, दुकानाचं शटर खाली ओढलं, परत येऊन बसले. ‘ऐकलंस? आता कुणी येत नाही.’

‘शटर त्यानं ओढलं?’

‘मी ओढलं गं बाई, माझं दुकान आहे!’ मी चिडूनच बोलले. घाबरले की मी चिडते, तुला माहीत आहे. पण त्यानं तिचा विश्वास बसला असावा.

जरा वेळानं म्हणाली, ‘उघडू नकोस.’

‘मला उघडताच येत नाही. किल्ली अर्धी झालीय.’

‘म्हणजे कुणालाच उघडता येत नाही?’

दादा, तिचा तो आवाज. या घरात आल्यापासून पहिल्यांदा ती निवांत बोलली. अंधाऱ्या लोखंडी पेटीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली पोर सुट्टी लागल्यासारखी बोलली. आणि मला एकदम सगळं कळलं. दाराला पाठ लावून झोपणं. मोज्यांचे बोळे. भिंतीच्या कडेनं चालणं. मी म्हटलं, ‘तू तिथे का गेलीस?’ ती म्हणाली, ‘तुझ्या घरात हे एकच दार बंद होतं.’

बाबांच्या आणि माझ्या मिळून पन्नास-साठ वर्षांच्या धंद्यात मी एवढी मूर्ख कधी ठरले नव्हते. आपण कुलूपवाले कायम दाराच्या बाहेर उभे. लोक आपल्याला बोलावतात ते आत जाता येत नाही म्हणून. दार उघडलं की आपलं काम झालं, पैसे घेतले, निघालो. आत बसलेल्या माणसाला ते दार बंद हवं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिला बाहेरून कोंडायचे म्हणून मी तिची आतली कडीही काढून घेतली, आणि वर आरपार दिसतं म्हणून कौतुक करत बसले. अति तिथे माती म्हणतात ते असं.

मी म्हटलं, ‘मुंगी, मला उघडता येत नाही, पण तुला येतं. हाताशी पानं लागतात का बघ. तू रोज काढतेस तीच.’

‘मी नाही उघडणार.’

‘बरं. नको उघडूस. पण आत हवा कमी आहे. थोड्या वेळानं झोप यायला लागेल, ती झोप चांगली नाही. मग ते लोक येऊन तिजोरी कापतील, खूप आवाज होईल. म्हणून सांगतेय. घाबरवत नाही.’ घाबरवतच होते. माझेच दात वाजत होते, आणि ते तिला ऐकू जाऊ नयेत म्हणून जबडा दाबून बोलत होते.

‘तू रडतेस का?’ तिनं विचारलं.

‘हो.’

‘का?’

‘तू आत आहेस म्हणून.’

मग मी म्हटलं, ‘तुझ्या खोलीला आतून कडी बसवते. नक्की. तू लावायची, तू काढायची. मी बाहेरून हाक मारीन, तू नाही म्हटलंस तर येणार नाही.’

‘बाई रागावतील.’

‘रागावू देत.’

‘मग मला घेऊन जातील.’

म्हणजे तिलाही तीच भीती होती, दादा. मी थोडे दिवसच आहे असं जगाला सांगत फिरणाऱ्या पोरीला. मला तेव्हा ‘नाही गं, कुणी नेत नाही’ म्हणता आलं असतं. जीभ रेटली नाही. मी म्हटलं, ‘मला माहीत नाही. पण मी त्यांना सगळं खरं सांगीन, आणि तुला इथेच ठेवा म्हणून भांडीन. भांडायला मी चांगली आहे.’

मग आतून बारीक आवाज आला. पितळेवर नख घासल्याचा. पान खिळ्यावरून उतरलं. मग दुसरं. मी भोकातून विजेरी दाखवली तर म्हणाली, ‘नको, डोळ्यात जातं.’ अंधारातच काढत होती. चौथ्याला थांबली. ‘काय झालं?’ ‘हात ओला आहे. पुसतेय.’ पाचवं. सहावं. सातवं अडकलं होतं, ते नेहमीच अडकतं, त्याचं भोक वाकडं आहे. मी म्हटलं, ‘हळू, जरा वर उचलून.’ ती म्हणाली, ‘माहितीये मला.’ आणि जीभ सरकली.

मी दार ओढलं नाही. हात पाठीमागे धरून बसले. ते तिनं आतून ढकललं.

सातही पानं तिच्या मांडीवर, फ्रॉकमध्ये, ओळीनं. फ्रॉक ओला झाला होता, त्याबद्दल आम्ही दोघीही बोललो नाही. म्हणाली, ‘क्रम चुकला नाही.’ मी म्हटलं, ‘नाही चुकला.’ मला तिला उराशी धरायचं होतं, पण धरलं नाही. मी शटर वर करून हाक मारली, आणि शिंपीणबाईंनी धावत जाऊन त्या लोकांना नका येऊ म्हणून कळवलं.

आता माझं ऐक. मंगळवारी बाई येणार आहेत. न सांगता कडी बसवून टाकली आणि तिजोरीचं पोटात ठेवलं तर कदाचित कुणालाच कळणार नाही. शिंपीणबाई म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलं तर बाई तिला त्याच दिवशी घेऊन जातील अशी माझी खात्री आहे. मी त्यांच्या जागी असते तर नेलं असतं.

आणि मला रोज डोळ्यांसमोर ती तिजोरी दिसते. जिना दिसतो, गॅस दिसतो, खिडकी दिसते, रस्ता दिसतो. ती शाळेतून यायला जरा उशीर झाला की मी कोपऱ्यावर जाऊन उभी राहते. काल मनात आलं, दुसरीकडे असती तर सुखरूप असती. माझ्यापेक्षा जपणारं कुणी असेल. दादा, तो विचार आला आणि मला तू आठवलास. वहिनी एकदा बोलता बोलता म्हणाली होती, तो जिन्यावरून पडल्यापासून तू त्याला उचलून घ्यायलाही घाबरायचास. तेव्हा मी कानाआड केलं. तुम्ही त्याला नकोसा झाला म्हणून नाही ना दिलंत? जपला जाणार नाही म्हणून दिलंत. मी इतकी वर्षं तुझ्याविषयी वेगळंच समजून बसले होते.

तसं असेल तर मी तुझ्याइतकीच भित्री आहे. फक्त मला तिला द्यायचं नाहीये. भीती वाटतेय म्हणून द्यायचं, की भीती वाटत असताना ठेवायचं, एवढं मला कुणीतरी सांगा.

धाकटी

६ मे

दादा,

सांगितलं. सगळं. बाई बसल्या बसल्याच सांगून टाकलं, नाहीतर चहा ठेवता ठेवता धीर गेला असता. तिजोरी, किल्ली, अर्धवट काम, ओरडणारा माणूस, आणि मी यंत्रावर मान खाली घालून बसले होते तेही.

बाईंनी मध्ये एकदाही मान हलवली नाही. मग विचारलं, ‘उघडी तिजोरी आणि लहान मूल एका खोलीत ठेवून तुम्ही पाठ फिरवलीत?’

‘हो.’

‘हे दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर मी तिला आजच नेलं असतं.’

मग त्या उठल्या आणि घरभर फिरल्या. प्रत्येक दारासमोर थांबल्या. भोकांत बोट घातलं. बाथरूमच्या दारालाही. म्हणाल्या, ‘हे सगळं तुम्ही काढलंत?’ मी म्हटलं, ‘तुम्हीच म्हणालात, कड्याकुलपांचं बघा.’

‘बाहेरच्या, बाई! बाहेरून कडी नको म्हटलं होतं. मोठी होत चाललेली मुलगी आहे, तिला बाथरूमला आतून कडी नको?’ एवढं बोलून त्यांनी कपाळाला हात लावला. दगडासारख्या चेहऱ्याच्या त्या बाई हसत होत्या की वैतागल्या होत्या ते मला कळलं नाही. पण रेघ हलली.

मग त्या मुंगीशी एकट्याच बोलल्या, वर, तिच्या खोलीत. मी खाली दुकानात एक बरी असलेली किल्ली घासून घासून वाया घालवली. खाली आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘आतून बसवा. पण अडचणीच्या वेळी बाहेरून उघडता यायला हवी. पुढच्या भेटीला मी बघणार. आणि दुकानात ती असताना असली पेटी पुन्हा दिसली, तर मी काही ऐकून घेणार नाही.’ म्हणजे अजून काही कायम नाही. जीव टांगणीलाच आहे. पण गाडीत बसून त्या एकट्या गेल्या.

कडी मीच बनवली. आतून खिट्टी, बाहेरून एक खाच, नाणं घालून फिरवलं की निघते. मुंगीनं ती खाच लगेच पकडली. ‘हे कशाला?’

खोटं सुचलं होतं. बोलले नाही. ‘तू आजारी पडलीस, हाकेला ओ दिली नाहीस, तर मला आत येता यावं म्हणून. एरवी नाही.’

‘एरवी आलीस तर?’

‘तर तू माझ्यावर परत कधी विश्वास ठेवू नकोस.’

तिनं विचार केला. मग आत गेली, दार लावलं आणि खिट्टी सरकवली. मी बाहेर. आतून म्हणाली, ‘हाक मार.’ मी मारली. म्हणाली, ‘येऊ नकोस.’ मी आले नाही. पुन्हा म्हणाली, ‘हाक मार.’ जेवण निवून गेलं, दादा. शिंपीणबाई खालून ओरडत होत्या, काय चाललंय म्हणून. मी दाराबाहेर बसून हाका मारत होते, ती नाही म्हणत होती, आणि प्रत्येक नाही ऐकून मला उगाच आनंद होत होता. लोकांची दारं उघडून पोट भरणारी मी, कुणी मला दाराबाहेर ठेवलं म्हणून एवढी खूश आयुष्यात झाले नव्हते.

त्या दिवसापासून ती गादीवर झोपते.

बाथरूमचीही बसवली. आता मी गात नाही. शिंपीणबाईंनी नवस फेडल्यासारखा चेहरा केला.

धाकटी

२४ मे

दादा,

काल संध्याकाळी फोन आला, तो तू होतास का?

मी जिन्यात होते, हातात तेलाचा डबा. फोन वर वाजला. मुंगी फोनला कधी हात लावत नाही. वाजला की भिंतीला चिकटते. म्हणून मी डबा खाली ठेवून दोन दोन पायऱ्या चढत होते, आणि वाजायचा थांबला. तिनं उचलला होता.

मी जिन्यातच थबकले. पुढे गेले असते तर तिनं ठेवून दिला असता. मला तुझा आवाज येत नव्हता, तिचाच येत होता, तोही तुटक. ‘नाही, ती खाली आहे.’ मग, ‘नाही, मी नाही रडत. ती रडते कधीकधी.’ चोंबडी! मग काहीतरी तू विचारलंस, बहुतेक कोण बोलतंय असं विचारलं असशील, कारण ती गप्प झाली. मला वाटलं आता तेच म्हणणार. गिऱ्हाइकांना सांगते ते. मी डोळे मिटून घेतले.

ती काहीतरी बोलली. खालून त्याच वेळी कुणीतरी दुकानाची घंटा वाजवली आणि मला ऐकू आलं नाही. वर पोचले तेव्हा फोन जागेवर होता आणि ती भिंतीपाशी नव्हती, खोलीच्या मधोमध उभी होती.

‘कोण होतं गं?’

‘एक माणूस. हळू बोलत होता.’

‘काय म्हणाला?’

‘विचारलं, तू कोण.’

‘मग तू काय सांगितलंस?’

माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले, आणि खोलीत जाऊन कडी लावली. मी बाहेरून हाक मारली. ‘येऊ नकोस,’ म्हणाली. मग जरा वेळानं आतूनच, दाराच्या अगदी जवळून, ‘मी सांगितलं, मी इथलीच.’

दादा, मला ते दारातून ऐकू आलं. पण तुला तर सरळ कानात सांगितलं तिनं. मला आता स्वतःच्या कानांचा भरवसा राहिलेला नाही. मनात असतं तेच ऐकू येतं माणसाला. बाई पुढच्या आठवड्यात येणार आहेत, आणि त्या काय ठरवतील कोण जाणे. बाकीचं तू काही लिहू नकोस. माझं चुकलं की तुझं, तुम्ही त्याला का दिलंत, त्याला अजून बघता का, काही नाही. तुला जेव्हा लिहावंसं वाटेल तेव्हा लिही.

फक्त एवढंच कळव. तू विचारल्यावर ती नेमकं काय म्हणाली? तसंच म्हणाली ना?

धाकटी